नीळ

इरा, तुला आजोबांचा फोटो फ्रेम करायचा आहे, म्हणून सकाळपासून संगणकावर त्याचे रंग सुधारते आहे. कॅमेऱ्यातला कच्चा फोटो सगळाच हिरवट दिसतो. "आजी, जे खरंच पांढरं आहे त्यावर क्लिक कर, बाकीचे रंग आपोआप जागेवर येतील," असं तू फोनवर म्हणालीस. मी यांच्या सदऱ्यावर क्लिक केलं. माझ्या हातच्या धुण्याहून पांढरं काय असणार? तर चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा! चारदा केलं, चारदा तेच. यांचा खरा रंग मीच विसरले की काय?

शेवटी त्यांच्या हातातल्या उघड्या डबीतल्या चुन्यावर क्लिक केलं. उन्हाने रापलेला तो ओळखीचा चेहरा समोर आला. सदरा मात्र चक्क निळसर.

"नीळ जास्त होते गं," ते नेहमी म्हणायचे.

"आधी चष्मा पुसा," मी म्हणायचे.

एक चुकीचं पांढरं धरून माणूस किती वर्षं बाकीचे रंग ठरवत राहतो! हे आता कुणाजवळ कबूल करू?

फोटो पाठवते. सदऱ्याचा रंग बदलू नकोस. तो तसाच होता.