दोन रकान्यांची वही

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर स्टाफरूममधल्या माझ्या कप्प्यात हात घातला, तर वही नव्हती. पट्टी होती, खडूंचा खोका होता, चष्म्याचं रिकामं घर होतं. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, कोपरे मऊ पडलेली माझी दोनशे पानी वही तेवढी नव्हती.

नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या एका गावात, हायस्कूलमध्ये मी चित्रकला शिकवतो. तेव्हा नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. वहीचे तीन भाग होते: संकल्पचित्राची तत्त्वं, रंग आणि दिशा. वरवर कुणी चाळली असती तर सर अभ्यासू आहेत, एवढंच वाटलं असतं. पण रंगांची पानं कुणी नीट वाचली, तर त्याला जे कळलं असतं, ते मी बायकोशिवाय कुणालाच कळू दिलं नव्हतं. मला लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसत नाहीत.

माझं गाव सोनईच्या बाजूला. लहानपणी टोमॅटो तोडायला गेलो की आई ओरडायची, "आरं, कच्ची कशापायी तोडतोय? दाबून बघ की!" मग मी दाबून तोडायला लागलो. मला वाटायचं, सगळेच दाबून बघतात. हात चांगला होता, माणसाचा चेहरा दोन मिनिटांत उतरवायचो, म्हणून बारावीनंतर नगरला कलाशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला गेलो.

तिथं पहिल्याच महिन्यात पकडला गेलो. समोर वस्तुचित्राची मांडणी होती, हिरव्या कापडावर तांब्याचा हंडा. आमचे सर ख्रिस्ती होते, नगरातच वाढलेले, सडपातळ, बाह्यांची बटणं कायम लावलेली. माझ्या मागं उभे राहून त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं. मग बाकीच्यांना चहाला पाठवलं, दोन कागदाचे तुकडे माझ्यासमोर धरले आणि विचारलं, "यातला लाल कुठला?"

मी उजव्या हाताकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली; लाल डावीकडे होता.

"घरी माहीत आहे?"

"नाही, सर."

"आपणहून जायचं असेल तर जा. पण मी काढणार नाही तुला." मग खुर्ची ओढून शेजारी बसले. "हंड्यावरचा उजेड तू बरोबर पकडलास. वर्गात कुणाला जमलेलं नाही. उजेड-अंधार आणि दिशा, हे तुझं. रंग पाठ करावे लागतील. एक वही घाल आणि लिहून ठेव."

तशी ती वही सुरू झाली. दिशेच्या भागात त्यांनी सांगितलेलं लिहिलं: आडवी रेघ निजलेली, उभी रेघ जागी, तिरकी रेघ कुठंतरी निघालेली. नजर दिशेनं चालते, रंग तिला थांबवतो. त्याच्या खाली वर्षानुवर्षं माझी भर पडत गेली. बाभळीच्या फांद्या कुठल्या कोनात फुटतात, वाऱ्यात ज्वारी कशी कलते, ओझं घेतलेल्या बाईच्या मानेची रेघ कशी असते. हे लिहिताना मला भीती नसायची.

रंगांच्या पानांवर मात्र मी मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडले होते. डावीकडे लिहिलं होतं 'लोकांना', उजवीकडे 'मला'. लोकांना: कडुलिंबाची नवी पालवी तांबूस. मला: मळकट पिवळी. लोकांना: डाळिंबाचं फूल लालभडक, पानांतून लांबून दिसतं. मला: जवळ गेल्यावर दिसतं. रंगपेटीतल्या प्रत्येक ट्यूबचा नंबर, नाव आणि तिचा गडदपणा किती, हेही तिथं होतं.

वर्गात मी एक युक्ती काढली होती. कुणाचंही चित्र हातात घेतलं की आधी विचारायचं, "कुठले रंग वापरलेस आणि का?" मुलं सांगायची, मी मान डोलवायचो. एका प्रशिक्षणात या पद्धतीचं कौतुकही झालं. टाळ्या वाजल्या आणि मी खाली बघत राहिलो. कुणी तिथल्या तिथे उठून विचारेल, सर, तो मागचा पडदा कुठल्या रंगाचा आहे, असं मला सारखं वाटत होतं. अशी भीती रोज पोटात घेऊन नोकरी केली. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या दिवसांत तर जेवण जायचं नाही.

त्या वर्षी शाळेची सहल हिवरे बाजारला गेली. डोंगरावरचे चर, झाडं, पाणी बघून मुलं खूश झाली. परत आल्यावर हेडसर म्हणाले, "कंपाऊंडच्या भिंतीवर तसा डोंगर काढा. सोमवारी शिक्षण विभागाचे साहेब येणार आहेत, तोवर व्हायला पाहिजे."

भिंत मोठी होती. रेखाटन मी दोन दिवसांत केलं आणि मलाच आवडलं. चरांच्या आडव्या रेघा, त्यांवर उभी झाडं, डोंगरावरून गावाकडे तिरकी उतरणारी वाट. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हिरवा डोंगर, भरल्या विहिरी'. नऊ डबे रंग मशीनवर मिसळून आले होते. झाकणांवर दुकानदाराच्या चिठ्ठ्या होत्या, पण त्यांवर नावं नव्हती, नुसते एक ते नऊ आकडे होते. कुठला आकडा म्हणजे कुठला रंग, हे मी त्याला दुकानातच विचारून वहीत लिहून घेतलं होतं.

आणि गुरुवारी वही गेली.

मी कप्पा तीनदा रिकामा केला. कपाटामागं पाहिलं. घरी जाऊन बायकोला विचारलं, गादी उचलून पाहिली. ती म्हणाली, "शाळेतच असंल. सापडंल." पण सापडण्याचीच तर मला धास्ती होती. कुणाला सापडली असेल? वाचली असेल का? शुक्रवारी सकाळी स्टाफरूममध्ये शिरलो तर दोघं सहकारी हसत होते. मी आल्यावर थांबले. क्रिकेटचं बोलत असतील, पण मला तसं वाटेना. मग हेडसरांनी शिपायाकरवी बोलावलं. त्यांना एवढंच विचारायचं होतं की डोंगर आज पुरा होईल ना.

"होईल, सर," मी म्हणालो.

डब्यांसमोर उभा राहिलो. आकाशाचा एक नंबर मला ओळखता येत होता. पिवळा, पांढरा, काळाही. पण चार आणि सात? एक गवताचा हिरवा होता आणि एक विटकरी, घरांच्या कौलांसाठी. झाकणं उघडली. दोन्ही मला सारखेच दिसले, ओल्या मातीसारखे. दुकानात लिहिताना हिरवा आधी लिहिला होता की विटकरी, ते आठवायचा प्रयत्न केला. दुकानदाराला फोन केला, तो उचलेना. मोबाईलमध्ये रंग ओळखून सांगणारं काहीतरी असतं म्हणे, पण मैदानात पोरं खेळत असताना डब्यावर मोबाईल धरून उभं कसं राहायचं? आणि विचारायचं तरी कुणाला? चित्रकलेच्या सरांनी शिपायाला विचारायचं, यातला हिरवा डबा कुठला?

सात, असं मन म्हणालं. मी सात नंबरमध्ये ब्रश बुडवला.

दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त डोंगर भरला. काम करताना जरा बरंही वाटलं. मग रस्त्यानं मोटरसायकलवरून चाललेला एक शेतकरी थांबला. दुधाचे कॅन घेऊन रोज जायचा, ओळखीचा होता. एक पाय खाली टेकून त्यानं भिंतीकडे पाहिलं.

"सर, डोंगर पेटलाय व्हय?"

"काय?"

"न्हाई, लई लाल दिसतोय म्हनून इचारलं. वर तर हिरवा लिवलंय." तो हसला, भलं माणूस होतं ते, आणि गाडी काढून निघून गेला.

मी शिडीवरच बसलो. हातातल्या ब्रशातून रंग मनगटावर ओघळत होता. भिंत पुसता येत नव्हती, झाकता येत नव्हती. संध्याकाळचा डोंगर आहे म्हणावं, तर डोक्यावर माझ्याच अक्षरांत 'हिरवा' लिहिलेलं. थोड्या वेळानं शाळा सुटणार होती आणि चारशे मुलं या भिंतीसमोरून घरी जाणार होती.

तेवढ्यात विज्ञानाच्या मॅडम मैदान ओलांडून येताना दिसल्या. त्याच वर्षी नगरहून बदलून आल्या होत्या, वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांच्या हातात माझी वही होती.

"सर, परवा मी प्रयोगवह्या तपासायला घरी नेल्या. त्यांनाही असंच कव्हर आहे ना, टेबलावरच्या गठ्ठ्यात हीही गेली. काल रात्री उघडली तेव्हा कळलं, तुमची आहे."

"वाचलीत?"

त्यांनी मान हलवली. "आधी दिशेचा भाग वाचला. छान वाटला, म्हणून पुढं वाचत गेले. थांबायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. सकाळीच द्यायची होती, पण तुमच्यासमोर काय बोलायचं ते कळेना. लागोपाठ तास घेत बसले. आता खिडकीतून डोंगर दिसला, म्हणून आले." त्यांनी वही शिडीच्या पायरीवर ठेवली. "हिरवा चार नंबरचा आहे, सर."

मला त्यांचा राग आला. चूक माझी होती, त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, तरी आला. मी म्हणालो, "आता तुम्ही काय करणार?"

"मी काय करणार? तुम्ही सांगाल ते. चार नंबर आणि ब्रश द्या, नाहीतर मी जाते."

मी ब्रश दिला नाही. शिडीवरून उतरलो, हात धुतले आणि तसाच हेडसरांच्या खोलीत गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. धैर्य वगैरे नव्हतं. लपवून लपवून मी थकलो होतो, आणि दुसऱ्या कुणी जाऊन सांगण्याआधी आपण सांगावं, एवढंच डोक्यात होतं.

हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरचं पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं.

"आणि इतकी वर्षं पोरं ग्रेड परीक्षेला बसवलीत ती कशी?"

"त्यांनाच रंग विचारून, सर."

"नेमणुकीच्या वेळी कुणी तपासलं नाही?"

"माझ्या चित्रांची फाइल बघितली होती. डोळे नाही तपासले."

ते खिडकीकडे बघत राहिले. तिथून भिंत दिसत नव्हती. शेवटी म्हणाले, "मला हे कळलंय असं धरू, की कळलंच नाही असं धरू? आधी सोमवारपर्यंत डोंगर हिरवा करा. मग बघू."

त्या दिवशी मुलं लाल डोंगरासमोरूनच घरी गेली. शनिवारची शाळा सुटल्यावर मॅडम थांबल्या. त्या डबा हातात द्यायच्या, नाव सांगायच्या, मी लावायचो. विटकरीवर हिरव्याचे दोन हात द्यावे लागले, तरी चरांच्या कडांना खालचा रंग राहिलाच. मॅडम म्हणाल्या, माती उघडी पडल्यासारखी दिसते, राहू द्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, दुसरा इलाजच नव्हता. सोमवारी साहेब आले, भिंतीपुढं फोटो निघाला आणि ते गेले. हेडसरांचं 'मग बघू' मात्र माझ्या मागं लागलं. त्यांनी बोलावलं की प्रत्येक वेळी वाटायचं, आज निघणार. ते कधी निघालं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, निरोपाच्या वेळी माझा हात जरा जास्त वेळ हातात धरला, बस.

साहेब येऊन गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गाला सांगून टाकलं. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मग एका मुलीनं विचारलं, "सर, मग आमचं चित्र तुम्हाला कसं दिसतं?" त्या तासाला आम्ही दुसरं काहीच केलं नाही. भीतीचं ओझं थोडं उतरलं, हे खरं आहे.

पण एक दिवस डबा खाताना मॅडमनी विचारलं, "सर, तुम्हाला मुलगी आहे ना?"

"आहे. नेवाशाला दिलीय. सातवा महिना चालू आहे, बाळंतपणाला इकडेच येईल."

मग पोळीचा तुकडा बाजूला ठेवून त्यांनी मला समजावलं. हा दोष बापाकडून मुलीकडे जातो, तिला स्वतःला बहुधा काही होत नाही, पण तिच्या मुलात तो उतरू शकतो. उतरेलच असं नाही, पण उतरू शकतो. मी नंतर जेवलो नाही.

मुलगी आली तेव्हा चार दिवस मी काहीच बोललो नाही. पाचव्या दिवशी ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती, तिथं जाऊन सगळं सांगितलं. भिंतीचं, वहीचं, आणि मॅडमनी सांगितलेलंही.

"मला वाटायचं तुमचं लक्ष नसतं," ती म्हणाली. "लहानपणी माझी हिरवी ओढणी मागितली की तुम्ही आईला हाक मारायचा. मला वाटायचं, पप्पांना माझं काही पडलेलंच नाही." तिचे डोळे भरले. मी शेजारी बसून मेथीची एक काडी उचलली. मग तीच म्हणाली, "मुलगा झाला आणि त्याला असलं काही निघालं, तर निघू द्या. तुमच्यासारखं लपवत मात्र नाही बसायचं. आणि एक ऐका, त्याला उठता बसता रंग विचारायचे नाहीत. मी सांगेन तेव्हा बघू."

मी हो म्हणालो.

मुलगाच झाला. आता दीड वर्षाचा आहे, सुट्टीला येतो. चेंडू, चमचे, वर्तमानपत्र, दिसेल ते ओढतो. मी दिलेला शब्द पाळतो, त्याला काही विचारत नाही. पण मांडीवर बसून तो दोन वस्तूंमधली एक उचलायला लागला की मी मान वळवून बाहेर रस्त्याकडे बघतो.