दोन बॅटऱ्यांची घरगाडी

माझा मेहुणा मोटारींचा वायरमन. तरुणपणी बॅटरीतलं ॲसिड उडून त्याचा डावा डोळा गेला. उरलेल्या एका डोळ्यावर त्याने तीन मुली शिकवल्या. त्या डोळ्याला तो इतका जपतो, की कांदा चिरायचा तरी चष्मा लावतो! मी मात्र रोज दुपारी त्याच्या गॅरेजात स्टूल टाकून गप्पा हाणायला मोकळा.

एकदा एक निवृत्त बाई घरगाडी घेऊन आल्या. आत पलंग, शेगडी, मोरी, अख्खा संसार चाकांवर! मी हरखून गेलो. तक्रार अशी, की हॉर्न मुका, स्टिअरिंगवरची बटणं मेलेली आणि समोर एअरबॅगचा दिवा पेटलेला.

मेहुण्याने फ्यूज पाहिले. ठीक होते. म्हणाला, "स्टिअरिंगच्या आत तारांची गुंडाळलेली फीत असते. ती तुटलीय." पण तिथवर पोचायला आधी एअरबॅग काढावी लागते, आणि ती तोंडासमोर फुटली तर डोळ्याचं काही खरं नाही. म्हणून त्याचा नेम: बॅटरीची तार सोडायची आणि आत साठलेली वीज उतरेपर्यंत पंधरा मिनिटं थांबायचं.

सीटखालच्या बॅटरीची तार सोडली. पंखा, दिवे बंद. पंधरा मिनिटं मी माझ्या पहिल्या सायकलची कथा लावली. मग त्याने एअरबॅग सैल करून पुढे ओढली. मागे पिवळा प्लग दिसला.

"दाजी, आता गप्प."

गप्प बसलो म्हणूनच दिसलं. समोरच्या घड्याळात मिनिट बदललं.

"अरे, हे घड्याळ चालू कसं?"

बाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई! सीटखालची तर घराची बॅटरी. इंजिनाची पुढे आहे, बॉनेटखाली."

जन्मभर लहान मोटारी दुरुस्त करणारा आमचा माणूस, एका गाडीत दोन बॅटऱ्या त्याच्या ध्यानातच आल्या नाहीत. आता एअरबॅग त्याच्या हातांत, जिवंत तारांना लटकलेली.

"हातातून सोडली तर तारांना हिसका बसून फुटेल. दाजी, दहाचा पाना घ्या. काळी तार सोडा. लालला शिवू नका."

बाईंनी बॉनेट उघडलं. घाईघाईत माझ्या हातून पाना दोनदा निसटला. एकदाची तार निघाली.

"सुटली रे!"

"आता पंधरा मिनिटं."

"तोंड तरी फिरव."

"मान फिरवली की हात हलतो."

मग त्याने तो एक डोळा मिटून घेतला. पंधरा मिनिटं मी मनगटावरच्या घड्याळात मोजली. शेवटी नुसत्या बोटांनी चाचपत त्याने पिवळा प्लग सोडवला आणि एअरबॅग उताणी खाली ठेवली.

"उघड आता डोळा."

उघडला. त्यातून घळाघळा पाणी वाहत होतं.

"घाबरलात का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही तर काय! दाजींच्या हाती पाना होता."