उडी की उड्डाण

माझे वडील, अण्णा, मिरजेत ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंजिनिअर झाले, आणि आज क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात दुधाच्या कारखान्यांची यंत्रं बनवते. हे सांगायला मी लाजत नाही. आई गेल्यावर अण्णांना इकडे आणलं ते कायमचं ठेवून घ्यायचं, असं ठरवूनच. त्यांना मात्र तसं बोलले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे 'डेअरी' म्हणतात असं ऐकून ते सुट्टं दूध आणायला किटली घेऊन गेले. रिकामी किटली आणि एक पाव घेऊन परत आले. आम्ही खूप हसलो.

एका रविवारी त्यांना घेऊन दक्षिणेला एका संग्रहालयात गेले. तिकडच्याच एका शेतकऱ्याच्या विमानाची प्रतिकृती तिथे आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यानं शेतावरच इंजिन घडवलं. बांबू, लोखंडी नळ्या आणि कापड जोडून विमान केलं. गावानं वेड्यात काढलं. विमान जमिनीवरून उठलं म्हणतात, आणि थोडं पुढे जाऊन काटेरी कुंपणात बसलं.

अण्णा पंखाच्या कापडाखाली मान वाकडी करून उभे राहिले. "पण उडालं ना?"

"त्याला उड्डाण म्हणत नाहीत, अण्णा. उडी." मला समजावून सांगायची खोडच आहे. "नुसतं वर जाऊन भागत नाही. वळवता यायला हवं, ठरल्या जागी उतरवता यायला हवं. तो स्वतःसुद्धा नंतर तसंच म्हणायचा."

"मग तुझी बी उडीच की गं!" ते हसले. "वळलीस कुठं? बसलीस कुंपणात."

मीही हसले. पण परत येताना गाडीत विचारून टाकलं, "अण्णा, इथंच राहा ना आता."

ते खिडकीतून मेंढ्यांची कुरणं बघत होते. "डेअरीवाला किया ओरा म्हणतो, मी राम राम म्हणतो. दिवसाचं बोलणं तेवढ्यात संपतं."

"मी आहे की."

"हायस की. पण तू येतीस अंधार पडल्यावर." मग हळूच म्हणाले, "मला माझ्या जागी उतरव, बाई."

मी तिकीट काढलं. पुढच्या दिवाळीला येते, असं विमानतळावर सांगितलं.

दिवाळीच्या आधीच पहाटे चुलतभावाचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते. तीन विमानं बदलून मिरजेला पोहोचले, तोवर अण्णांना अग्नी देऊन सगळे घरी परतले होते. ओसरीत चपलांचा ढीग होता.

"थांबला का नाहीत रे माझ्यासाठी?" मी चुलतभावाला विचारलं.

"किती थांबायचं, ताई? तू कधी उतरणार, कुणाला माहीत?"

त्या संग्रहालयाबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. मी, घरातली शिकलेली, त्या ढिगात माझ्याही चपला काढल्या आणि आत गेले.