नेक्स्ट सरांचे अठरा मार्क

तोंडी परीक्षा घेताना आमच्या इंग्रजीच्या सरांचा चेहरा हलायचा नाही. समोरचा पोरगा रडो, हसो, घाम पुसो, सर खाली मान घालून ऐकायचे, कागदावर आकडा मांडायचे आणि म्हणायचे, "नेक्स्ट." एकाने मित्रांशी पैज लावून "आय ॲम द किंग ऑफ औसा फोर्ट" असं त्यांना ठणकावून सांगितलं. सरांनी त्याला वीसपैकी नऊ दिले आणि पुढच्याला हाक मारली. तेव्हापासून अख्खं कॉलेज त्यांना नेक्स्ट सर म्हणू लागलं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कलेक्टर कचेरीच्या पाटीवरचा रंग अजून चकचकत होता आणि त्या पाटीखाली रिकाम्या घागरी घेऊन बायका बसलेल्या असत. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. कॉलेजच्या हौदात टँकर यायचा तो दिवसाआड. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजीची वीस मार्कांची तोंडी परीक्षा असे. लेखी पेपरात आम्ही खेड्यातली पोरं हमखास आडवी व्हायचो, त्यामुळे तरलो तर या वीस मार्कांवरच तरायचो.

एरवी सर भलते मायाळू. मूळचे देगलूरकडचे. कुणी इंग्रजी वाचताना अडखळला, की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "भिऊन काय राहिलास बे? ती काय वाघीण हाय का?" परीक्षेच्या दिवशी मात्र ते वेगळेच कुणी होत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या असत, हात घालून एक उचलायची आणि त्या विषयावर बोलायचं. विषय वर्षानुवर्षं तेच तीस. 'समुद्रकाठची संध्याकाळ' ज्याला निघेल त्याची आम्हाला कीव यायची, कारण आमच्यातल्या कुणी भरलेलं तळंसुद्धा दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

एका वर्षी एका मुलीला 'माझी आई' निघाला. आई कशी वारली ते तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. सरांनी सतरा मांडले आणि नेक्स्ट म्हणाले. दारात उभे असलेले आम्ही चिडलो. नंतर मी धीर करून विचारलंच, "सर, तुम्हाला कायबी वाटलं न्हाई का?"

"वाटतं की," सर म्हणाले. "पण तिथे मी इंग्रजी ऐकायला बसतो, हकीकत ऐकायला नाही. हकीकत ऐकू लागलो तर रडणाऱ्याला जास्त आणि हसणाऱ्याला कमी मार्क पडतील. ते बरं नव्हे." त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

माझं खेडं औशाजवळ. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मला पाठवलं ते माझ्या थोरल्या भावाने. दादा विहिरी खोल करायच्या कामावर होता. पाणी खाली सरकलं की विहिरीच्या तळाला सुरुंग लावायचे आणि फुटलेला दगड वर काढायचा. विहिरी गावातल्या बागायतदारांच्या आणि दोराला धरून उतरणारी माणसं आमच्या वस्तीतली. त्यांत सगळ्यात आधी उतरायचा तो दादा. त्याचा मला अभिमान होता. 'माझा भाऊ' या विषयावरचं भाषण म्हणूनच मी गाइडातून न घेता स्वतः लिहिलं आणि आठ दिवस घरात मोठमोठ्याने घोकलं. दादा भाकरी खाता खाता ऐकायचा.

"काय म्हनून राहिलास रे त्यात?" त्याने एकदा विचारलं.

"तुझंच हाय दादा. तू लई धीराचा हायस, आसं लिवलंय."

"हाव का?" तो लाजला. "मंग अजून एकदा म्हन."

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला माझा नंबर आला. डब्यात हात घातला आणि नेमकी 'माझा भाऊ'चीच चिठ्ठी हाती लागली. मला आकाश ठेंगणं झालं. मी न अडखळता सुरू झालो. "माय ब्रदर वर्क्स इन अ वेल. फर्स्ट दे सेंड डाउन द लॅम्प. द लॅम्प गोज आऊट. देन माय ब्रदर गोज डाउन. टुडे ऑल्सो ही विल गो."

सरांची पेन्सिल थांबली. काहीतरी चुकलं, असं मला वाटलं. पण त्यांनी वर पाहिलं नाही. पेन्सिल पुन्हा चालली आणि मी उलटा आकडा वाचला, अठरा. इतके मार्क सरांनी आजवर कुणालाच दिले नव्हते.

"नेक्स्ट," सर म्हणाले.

मित्रांनी मला उचलून घेतलं. कॉलेजसमोरच्या गाड्यावर आम्ही भजी खाल्ली, दुपारभर तिथेच दंगा केला. चारच्या सुमारास परीक्षा संपली आणि सर जवळजवळ पळतच बाहेर आले. "तो विहिरीवाला कुठे आहे?" ते विचारत होते. त्याच वेळी माझा चुलता फाटकाकडे येताना दिसला. त्याच्या पायांत चपला नव्हत्या. त्याचं तोंड पाहून मी त्याच्याकडे निघालो.

सर त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "कंदील विझला होता का?"

"हाव सर. पर कंदील जुना हाय, तसाबी विझतोयच, आसं म्हनला अन् उतरला. दोन वाजले आसतील."

एसटीत सर माझ्या शेजारी बसून आले. औसा मागे पडलं. मग म्हणाले, "सकाळी काय सांगितलंस, ते मला मराठीत सांग."

"पयल्यांदा कंदील सोडतेत, सर. कंदील विझतो. मंग दादा उतरतो. आजबी उतरनार हाय."

त्यांनी दोन्ही हातांनी समोरच्या सीटचा दांडा धरला. "आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक आहे हे. दिवा विझला म्हणजे खाली हवा नाही, माणूस सोडायचा नाही. दहा वाजता सांगितलंस तू मला. हातात चार तास होते. आणि मी वाक्यं मोजत बसलो रे."

दादाला माती दिल्यावर आठ दिवसांनी मी कॉलेजात गेलो. म्हणालो, "सर, ते अठरा मार्क खोडा. मला नकोत." सरांनी मान हलवली. "ते खोडायचे नाहीत. ते माझे आहेत."

पुढच्या वर्षापासून त्यांची परीक्षा बदलली. पोरगं इंग्रजीत बोललं की मार्क मांडून सर पेन्सिल खाली ठेवत आणि त्याच्या तोंडाकडे बघत विचारत, "आता मराठीत सांग. घरी खरंच असं चाललंय का?" एका दिवसाची परीक्षा तीन दिवस चालू लागली. तक्रारी झाल्या, विद्यापीठाकडून विचारणा झाली, तरी सरांनी ऐकलं नाही. शेवटी ते नांदेडच्या एका कॉलेजात निघून गेले. स्टँडवर निरोप देताना मी रडलो, तर मलाच समजावत म्हणाले, "तू सांगितलं होतंस बाळा. तुझ्याकडून काही राहिलं नाही."

त्या मार्कांवर मी पास झालो. आता मीही इंग्रजीच शिकवतो. नांदेडला गेलो की सरांना भेटायचो. दर वेळी ते दादामागे राहिलेल्या त्याच्या मुलींची चौकशी करायचे आणि दर वेळी त्या सकाळपाशी येऊन थांबायचे. गेल्या साली सर वारले.

त्यांना एक गोष्ट सांगायची चुकून राहिली नाही, मी ती मुद्दाम सांगितली नाही. कंदील विझणं धोक्याचं असतं, हे मलाही ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर दादाचा धीर दाखवायला मी ते वाक्य घातलंच कशाला असतं? इंग्रजीत ते छान वाटत होतं. सरांच्या हातात चार तास होते. माझ्यापुढे दादा आठ दिवस बसला होता, अजून एकदा म्हण म्हणत.