पाहुणी व्हायला निघालेली जयवंती

समुद्राच्या पातळीवर आयुष्य काढलेल्या, पंचावन्नी ओलांडलेल्या माणसाला परदेशातले डोंगर सायकलने चढता येतात का, आणि येत असतील तर त्यासाठी घरी राहून नेमकी कोणती तयारी करावी लागते? हा प्रश्न माझ्यासमोर जयवंतीने ठेवला. मी जामसंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. प्रश्न समोर आला की त्याचे भाग पाडून पाहायची सवय सुटलेली नाही. म्हणून उत्तर क्रमाने लिहिते. मात्र त्यासाठी आधी जयवंती कोण हे सांगायला हवे.

देवगड बंदराच्या रस्त्याला तिची खानावळ आहे, मी रोज दुपारी तिथेच जेवते, आणि मागे पर्यटकांसाठी तीन खोल्या. पाहुणा निघाला की ती त्याच्या मागोमाग खोबरेलाची बाटली घेऊन रस्त्यापर्यंत यायची आणि त्याच्या बॅगेच्या चाकांना तेल लावायची. पाहुणे संकोचायचे. ती वाकलेलीच राहून म्हणायची, "माझ्या घराकडसून जाणाऱ्यान करकरत जावचा नाय." मग गाडी जामसंड्याच्या चढावर वळेपर्यंत ती रस्त्यातच उभी असायची. तेल तिच्या स्वतःच्या माडांचे. दाराची बिजागरी, कुलूप, स्कूटरचे स्टँड, शेजारच्या मुलाचा खरचटलेला गुडघा, सगळ्यांवर तिचा एकच उपाय होता: "खोबरेल लाव. वाईट काय होवचा नाय."

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याने सायकलवर फिरणारा एक गट तिच्याकडे उतरला. त्यात श्रीलंकेची मालिनी होती. वय साठीच्या पुढे, अंगाने सडपातळ, आणि डोंगरात स्वतःचे लहानसे अतिथिगृह चालवणारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बांगड्याच्या सारात कोकम पाहून मालिनी मात्र स्वयंपाकघरातच शिरली आणि त्यांच्याकडे घालतात ते आंबट फळ हवेत बोटाने रेखाटून दाखवू लागली. निघताना तिच्याही बॅगेच्या चाकांना तेल लागले. ती जयवंतीचा हात धरून इंग्रजीत काही म्हणाली. मी भाषांतर केले: "तू मला चार दिवस जेवू घातलेस. आता तू ये. आमच्या डोंगरात सायकल चालवू. मी वाढीन, तू जेव."

त्या दुपारी जयवंती माझ्यासमोर ताट ठेवून तशीच उभी राहिली.

"बाई, माझ्या दारातसून किती माणसा गेली. सगळ्यांका मी निरोप दिलंय. माका निरोप देवक कोण कधी येवक नाय, कारण मी खंय जावकच नाय."

"मग जा ना. बसने फिरून ये."

"बसन कित्याक? तिना सायकल सांगल्यान. मी सायकलनच जातलंय."

दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावात ही बातमी तिनेच फोडली. बबन हा तिच्या शेजारचा होडीवाला, तोंडाने फटकळ. तो सगळ्यांदेखत ओरडला, "काकी, तू आणि सायकलीर डोंगर? जामसंड्याच्या चढावार तुझी स्कूटर धापता!"

"स्कूटर धापता, मी नाय," जयवंती म्हणाली. "मेल्या, तुझी होडी इंजिनार चलता, माझी सायकल माझ्या पायार चलतली. चढावार पाय जमनीक लावलंय तर वर्षभर तुका जेवाण फुकट!"

लिलाव थांबला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आमच्यासमोरचा प्रश्न अधिक नेमका झाला: चढावर एकदाही पाय न टेकता.

प्रथम सायकल. कणकवलीहून तिने एक वापरलेली गिअरची सायकल आणली. मी तिला तीन गोष्टी समजावल्या. सीटची उंची अशी हवी की टाच पेडलवर ठेवल्यावर खालचा पाय सरळ व्हावा. बसकी सीट गुडघे दुखवते. पुढचे दात्यांचे चक्र लहान आणि मागचे मोठे असले की चाक थोडे फिरते, पण पाय हलके पडतात. चढावर हेच हवे. आणि ब्रेकच्या पट्ट्या नव्या हव्यात, कारण जो डोंगर चढायचा तो उतरायचाही असतो. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड लगेच गंजते, म्हणून ती सायकल रात्री स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवू लागली. मागच्या चाकात एक भाग असतो: पेडल थांबवले तरी चाक फिरत राहते, ते त्याच्यामुळे. त्यात मेकॅनिकने सांगितलेले पातळ मशीनतेल घालावे, असे मी सुचवले. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिच्या सारात विकतचा मसाला घालायला सांगितले होते.

"बाई, माझ्या घरात आजपर्यंत एक तरी बिजागरी करकरली?"

करकरली नव्हती. आणि खोबरेलावर ती सायकल खरोखरच सुरेख पळत होती.

दुसरी बाब शरीराची. बंदरापासून जामसंड्यापर्यंतचा चढ ही आमची शाळा झाली. साडी बाजूला ठेवून जयवंती पंजाबी ड्रेस आणि हेल्मेट घालून निघाली त्या पहाटे बबनने हात जोडले, "काकी, चंद्रार चललंस काय?" नियम मी एकच घातला: चढताना बोलता आले पाहिजे. दम लागून वाक्य तुटले, तर वेग जास्त आहे असे समजावे. जयवंतीने हा नियम स्वतःच्या पद्धतीने राबवला. गाळी, म्हणजे शिव्या, हे तिचे परिमाण. ती चढू लागे आणि जाळी सुकवणाऱ्या बबनला उद्देशून पहिल्या वळणापासून सुरुवात करी. आवाज अखंड वर गेला, तर त्या दिवशीचा वेग बरोबर. "गाळी देवक दम पुरता, तवसर चढाव सोपो," असे तिने हसत माझ्या नियमाचे रूपांतर केले. इतकी वर्षे शिकवूनही असे सोपे सूत्र मला सुचले नव्हते, आणि त्याचा मला फार आनंद झाला. आठवड्यातले दोन दिवस सक्तीची विश्रांती होती. त्या दिवसांत तिला आवरणे सर्वांत कठीण गेले.

परीक्षेसाठी आम्ही करूळ घाट निवडला. बबननेच आपला टेम्पो दिला; त्याला पराभव जवळून पाहायचा होता. वैभववाडीला सायकल उतरवली तेव्हा ऊन चांगले वर आले होते. जयवंती बाणासारखी सुटली. शिव्या तिसऱ्या वळणावर थांबल्या, आणि पाचव्यावर पाय टेकला. ती कठड्यावर बसून राहिली. बबन जवळ गेला. मला वाटले, आता हा टोचून बोलणार. पण त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "काकी, हो घाट पैजेत धरना नाय. हो सराव. फुडच्या रविवारी परत येवया."

पुढच्या रविवारी ती इतकी सावकाश निघाली की एक म्हैस तिला मागे टाकून गेली. तरीही बोलणे थांबले नाही. गगनबावड्याला ती पोहोचली तेव्हा बबनच टेम्पोच्या टपावर उभा राहून नाचत होता. मी सवयीप्रमाणे उताराचा धडा सुरू केला: ब्रेक धरून ठेवू नये, दाबावा आणि सोडावा. तो तिने ऐकला की नाही, मला अजूनही ठाऊक नाही.

निघायच्या सकाळी बंदरावर गाऱ्हाणे, म्हणजे देवाला साकडे, घातले गेले. सायकल खोक्यात बंद, खोक्यावर हार. बबनचे वडील नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज परमुलखात चल्ला आसा. तेच्या सायकलीची साखळी पडा नये, चाकाक खिळो लागा नये, वाटेर अडचण इली तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सारे बंदर म्हणाले.

"आणि तिना पाय टेकल्यान तर पयलो माका कळाव रे म्हाराजा!" मागून बबन.

"होय म्हाराजा!" सगळे हसू लागले. जयवंतीही हसत होती, पण गाडी सुरू झाल्यावर तिने काच खाली केली आणि चढाचे वळण येईपर्यंत ती मागेच पाहत राहिली.

श्रीलंकेत आम्ही वाटाड्यासह निघालेल्या एका सायकलगटाला मिळालो. मी भाषांतरापुरती, सामानाच्या व्हॅनमध्ये होते; माझ्या गुडघ्यांची परीक्षा कधीच संपली आहे. पहिल्या दिवसांचे चढ ऊबदार होते. भातशेती, माड, मग रबर, मग चहा. जयवंती रोज आनंदाने घसा बसवून घेत होती. मालिनीच्या घरी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. घर उंचावर, हवेत आमच्याकडे कधीही न अनुभवलेला गारठा. सायकली उघड्या व्हरांड्यात लावल्या. मालिनीने आधी जयवंतीला बसवले आणि मग वाढले. जयवंती तीनदा उठायला गेली. मालिनीने तिन्ही वेळा खांदा दाबून खाली बसवले.

सकाळी सर्वांत मोठा चढ होता, वरच्या पठाराचा. गट उजाडताच निघाला. जयवंतीने पेडल मारले. पाय फिरला, साखळी फिरली, चाक जागचे हलले नाही.

"पेडल हवेत फिरता गो बाई! चाकाक कळणाच नाय!"

वाटाड्या आला, त्याने पाहिले, डोके हलवले आणि व्हॅनचे मागचे दार उघडले. मालिनीही सायकल थांबवून म्हणाली की यात कमीपणा काही नाही, वर भेटू. मी ते जयवंतीला सांगितले. ती हँडल सोडेना.

"सगळी फुडे गेली आणि मी मागे रवलंय, ह्या माका नवीन नाय. आज मात्र मी रवाचंय नाय."

मी वाकून चाकाच्या मध्यभागी बोट घातले. बोटाला पांढरे, मेणासारखे काही लागले. मी ते तिच्यापुढे धरले. तिने ते दोन बोटांत चोळले, वास घेतला, आणि दोघी एकाच क्षणी हसू लागलो.

"आवशीक खाव! तेल थिजला! थंडीत बाटलीत थिजता तसा थिजला!"

चाकातल्या त्या भागात बारीक खिट्ट्या असतात; त्या दात्यांत अडकल्या तरच पेडलचा जोर चाकाला मिळतो. थिजलेल्या खोबरेलाने त्या जागच्या जागी धरून ठेवल्या होत्या. घरी चुलीजवळ निजणाऱ्या सायकलीला हे कधी घडले नव्हते. मालिनीने स्वयंपाकघरातून उकळत्या पाण्याची किटली आणली. ती ओतत गेली, जयवंती चाक उलटे फिरवत राहिली. थोड्या वेळाने आतून टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला. तितका गोड आवाज मी कोणत्याही प्रयोगशाळेत ऐकलेला नाही. वाटाड्याने आपले पातळ मशीनतेल घातले. जयवंतीने ते निमूट घालू दिले.

मग ती निघाली. धुक्यात पुढचे काही दिसत नव्हते, पण मागून व्हॅनमध्ये मला सगळे ऐकू येत होते. बबन, त्याची होडी, त्याचे इंजिन, त्याचे जाळे, कोणीही सुटले नाही. चहा खुडणाऱ्या बाया टोपल्या पाठीवर घेऊन कडेला उभ्या राहिल्या आणि त्या अगम्य भाषेला हात हलवून प्रोत्साहन देऊ लागल्या. शेवटचे वळण भिंतीसारखे होते. तिथे आवाज क्षणभर थांबला. मी दाराची कडी घट्ट धरली. मग वरून, अगदी बारीक पण स्पष्ट, पुन्हा सुरू झाला.

पठारावर सायकलवरून उतरण्याआधी तिने फोन काढायला सांगितला. "बबन, मेल्या, पाय टेकूक नाय! फुकट जेवाण तुझ्या नशिबात नाय!" पलीकडून सारे बंदर ओरडताना ऐकू आले.

निरोपाच्या सकाळी मालिनी आमच्यासोबत रस्त्यापर्यंत आली. तिच्या हातात खोबरेलाची बाटली होती, जयवंतीने देवगडहून भेट आणलेली. तेल आत पांढरे झाले होते. तिने काडीने थोडे काढले, तळहातांवर चोळून पातळ केले आणि वाकून जयवंतीच्या बॅगेच्या चाकांना लावले. गाडी वळेपर्यंत मालिनी रस्त्यात उभी होती, आणि जयवंती मागच्या काचेला हात लावून बसली होती.

या आठवड्यात खानावळीला कुलूप आहे. जयवंती भूतानच्या डोंगरात गेली आहे. काल तिच्या बॅगेच्या चाकांना तेल मी लावले. सायकलीच्या चाकात मात्र मशीनतेल आहे, ते तिने स्वतः तपासून घेतले. गाडी चढावर वळेपर्यंत मी आणि बबन रस्त्यात उभे होतो.

तर मूळ प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. पण केवळ माझ्या सांगण्यावर ते मान्य करू नका. वाटीत थोडे खोबरेल घेऊन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मग जवळचा एखादा चढ निवडा, सायकलची सीट योग्य उंचीला लावा आणि कोणाला तरी मोठ्याने बोलत, सावकाश वर जा. मी लिहिले ते खरे आहे की नाही, हे कृपया स्वतः तपासून पाहा.