चार माणसांचं टेबल

माझे वडील माणसं मोजायचे. सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची मेंढरं आहेत. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात शिरताना ते तोंडाशी उभे राहतात आणि प्रत्येकाच्या पाठीला बोट लावतात. नुसतं नजरेनं मोजलेलं त्यांना मोजल्यासारखं वाटत नाही. आमच्या बाबतीतही ते तेच करायचे. एसटीत चढताना, जत्रेतून निघताना, दवाखान्यातून बाहेर पडताना ते आधी बाजूला उभे राहायचे, एकेकाच्या खांद्याला बोट लावायचे आणि मग स्वतः चढायचे.

लहानपणी मला ते आवडायचं. पुढे मी सोलापूरला कॉलेजात आले. पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या दारात आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला आणि माझ्या दोन बॅगांना बोट लावलं, तेव्हा वरच्या गॅलरीतून कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून मला ते नकोसं झालं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे फॉर्म भरणं, बँकेत बोलणं, मोबाईलवर काही शोधणं ही कामं आपोआप माझ्याकडे येतात. माझा भाऊ पुण्याकडे एका कारखान्यात आहे. गेल्या वर्षी कंपनीनं त्याला एका मोठ्या थीम पार्कचं कूपन दिलं. चार माणसं, एक रात्र, आणि दुपारचं एक जेवण पार्कच्या तळ्याकाठच्या रेस्टॉरंटमध्ये. त्याला रजा मिळेना. "तू घिऊन जा सगळ्यांना," तो फोनवर म्हणाला. सगळ्यांना म्हणजे आई, आप्पा आणि आत्ती. आत्ती ही आप्पांची बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

मला पाळण्यांत बसायची फार हौस नव्हती. मी कूपनावरची जेवणाची ओळ परत परत वाचत होते. तिथं थाळी होती, आणि वाढपी टेबलाशी येऊन वाढणार होते.

भावकीतल्या कुठल्याही लग्नात आई वाढायला असते. ती शेवटच्या पंगतीला बसते तेव्हा बुंदी संपलेली असते, आमटी गार झालेली असते, आणि पुढ्यात भांड्यांचा ढीग असतो म्हणून ती भराभर चार घास गिळून उठते. तिला एकदा तरी खुर्चीवर निवांत बसलेलं बघायचं, आणि दुसरं कुणीतरी तिला गरम गरम वाढतंय हे बघायचं, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी आधीच सांगते आहे, कारण पुढचं वाचल्यावर कदाचित कुणाला ते खरं वाटणार नाही.

टेबल आधी बुक करावं लागत होतं. मला सव्वा एकची वेळ मिळाली. दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर टेबल जाणार होतं आणि अडीचनंतर आत घेणार नव्हते. हॉटेल, पार्क आणि रेस्टॉरंट ही तीन ठिकाणं एकमेकांपासून लांब होती. मधे शटल म्हणून छोटी बस फिरायची, दर चाळीस मिनिटांनी एक. मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून सगळं जुळवलं. दहा वाजता पार्क, एकची शटल, सव्वा एकला टेबल. झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून तिला लॅमिनेशन केलं.

सोलापूर स्टँडवर आत्तीनं तो कागद हातात घेऊन उलटा सुलटा केला. तिला वाचता येत नाही.

"शाळंचं टायमटेबल हाय व्हय गं? मुतायचा तास कितीला हाय त्यात?"

आई हसली. मी हसले नाही. आई नवी साडी नेसली होती आणि तिच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. त्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी होती. "तिथं जेवण आहे," मी म्हणाले. "असू दे की," ती म्हणाली. "वाटंला लागतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात पार्कला जाणारी शटल उभी राहिली. रांगेत चांगले कपडे घातलेली कुटुंबं होती. आप्पा नेहमीसारखे दरवाज्याच्या बाजूला उभे राहिले आणि आईच्या खांद्याला, आत्तीच्या खांद्याला बोट लावू लागले. मागची रांग अडली. हाफ पँट घातलेला एक माणूस हसून म्हणाला, "काका, आमची पण टाका त्यात." त्याची बायको आणि मुली खिदळल्या.

"आप्पा, आम्ही काय मेंढरं आहोत का?" मी म्हणाले. घरी मी असं पुस्तकी बोलत नाही. त्या रांगेसाठी बोलले. "इथं परत कुणाला बोट लावायचं नाही. लोक हसताहेत आपल्याला."

आप्पांनी हात खाली घेतला. नेहरू शर्टाच्या खिशात घातला. ते सगळ्यांच्या शेवटी गाडीत चढले.

पार्कच्या गेटवर सिक्युरिटीनं गाठोडं काढून घेतलं. बाहेरचं खाणं आत चालत नाही, जाताना परत घ्या, असं म्हणून त्यानं आईला प्लास्टिकचा बिल्ला दिला. आईनं तो सकाळभर मुठीत धरला होता. पाण्याच्या खेळांत साडीवर उतरू देत नव्हते, म्हणून ती आणि आत्ती काठावर बसून राहिल्या. फोन भिजतील म्हणून मी आईचा आणि आप्पांचा फोन लॉकरमध्ये ठेवला होता. किल्ली माझ्या मनगटाला रबरात अडकवली होती. जेवून परत पार्कातच यायचं होतं, म्हणून निघतानाही ते फोन तिथंच राहिले. माझा फोन तेवढा माझ्याजवळ होता, कारण बुकिंगचा कोड त्यात होता.

पाऊण वाजता मी सगळ्यांना उठवलं. "चला, आता बाहेर. गाडी चुकली की टेबल गेलं." गेटबाहेर आलो तर शटल लागत होती. आई मला काहीतरी म्हणाली. मी फोनमध्ये कोड उघडत होते. नेट येत नव्हतं. "हां, हां," मी म्हणाले.

दाराशी गर्दी झाली. आत्ती आणि मी पुढच्या दारानं रेटत चढलो. आप्पा मागच्या दारानं चढले. मला वाटलं, आई मागं आप्पांबरोबर आहे.

तळ्याकाठी उतरलो तेव्हा आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं.

"तुजी आई?"

"तुमच्याबरोबर होती ना?"

"म्हागं न्हवती."

त्यांचं बोट वर आलं. आत्तीकडं गेलं, माझ्याकडं आलं, आणि तसंच हवेत राहिलं. तेव्हा मला आठवलं, आई काय म्हणाली होती ते. 'बिल्ला दिऊन गठुडं आणते,' असं म्हणाली होती.

आणि मी आप्पांना म्हणाले, "मग मोजलं का नाही तुम्ही?"

हे वाक्य मी कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे.

आप्पा वळले आणि पार्कच्या दिशेनं चालायला लागले. पुढची गाडी लवकर नव्हती. डांबरी रस्ता, एकही झाड नाही. त्यांची चाल मेंढरांमागची आहे, भराभर वाटत नाही पण माणूस बघता बघता लांब जातो.

"त्याला का बोलतीस?" आत्ती म्हणाली. "सकाळी कोण वसकलं व्हतं त्याच्यावर?"

मी घड्याळ पाहिलं. एक वीस. "आत्ती, आपण टेबल तरी धरू. ते येतील तोवर."

"टेबल काय पळून चाललंय व्हय? माजी भावजय उन्हात हुबी, अन मी हितं वाढून घिऊ? तू जा. तुलाच घाई हाय लई." ती बाहेर फुलझाडांच्या कट्ट्यावर बसली आणि तिनं माझ्याकडं पाठ केली.

दारातल्या माणसानं माझा कोड पाहिला. "चारही जण आलेत?"

"आलेत," मी म्हणाले. "आई हात धुवायला गेलीय."

त्यानं चौघांचं कूपन पंच केलं. एवढं खोटं बोलल्यावर त्याला गेटवर फोन लावायला सांगायचं तोंड राहिलं नाही. सांगितलं असतं तर कबूल करावं लागलं असतं की आई मागं राहिली आहे. कदाचित तो चांगला माणूस असेल. कदाचित त्यानं दोन मिनिटांत फोन लावला असता. मी विचारलंच नाही.

खिडकीजवळचं टेबल होतं. चार ताटं, चार वाट्यांचे संच, पांढरे रुमाल. मी एका खुर्चीवर बसले. वाढपी दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, निदान तुमचं तरी वाढून घ्या. रिकामं टेबल आम्हाला ठेवता येत नाही." मी वाढून घेतलं. पहिल्यांदा मी फक्त टेबल राहावं म्हणून खात होते. मग मला भूक लागली होती म्हणून खाल्लं. मग चांगलं होतं म्हणून खाल्लं. पुरणपोळीवर त्यानं तूप सोडलं तेव्हा मी हातानं पुरे म्हटलं नाही.

आई त्या वेळी कुठं होती ते मला नंतर कळलं. ती गाठोडं घेऊन आली तेव्हा शटल वळणावर दिसत होती. ती थोडं पळाली आणि मग जिथून आम्ही चढलो होतो तिथं परत येऊन उभी राहिली. आप्पांनी आम्हाला जत्रेत शिकवलेलं आहे, चुकलं तर हालायचं नाही, जिथं चुकलं तिथंच उभं राहायचं, न्यायला मी येतो. पुढची शटल आली. गेटवरच्या माणसानं तिला गाडीत बस म्हणून सांगितलं. ती बसली नाही. सावलीत ये म्हणाला, गेली नाही. "कहाँ जाना है?" त्यानं विचारलं. "जेवाया," ती म्हणाली. तो जोडीदाराला म्हणाला, "घरवाले खाने गए, और इनको यहीं भूल गए." दोघं हसले. एवढं हिंदी आईला कळतं.

आप्पा पोचले आणि दोघं त्याच्या पुढच्या गाडीनं आले. अडीच वाजून पाच मिनिटं झाली होती. मी धावत दारात गेले.

"लास्ट एंट्री झाली," दारातला माणूस म्हणाला. "आणि कूपन चौघांचं वापरून झालंय."

"ही माझी आई आहे," मी म्हणाले. "ती राहिलीय जेवायची."

त्यानं आईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्याला ऊन लागलं होतं, पदर घामानं भिजला होता, काखेत गाठोडं होतं.

"आई तर मघाशी हात धुवायला गेली होती ना?"

आईनं ते ऐकलं. ती माझ्या हाताकडं बघत होती. माझ्या बोटांना तूप होतं.

"तू जेवलीस न्हवं?"

"हो."

"मग झालं."

आम्ही पार्किंगमधल्या एका झाडाखाली बसलो. आईनं फडकं सोडलं. आप्पांच्या हातावर भाकरी ठेवली, आत्तीच्या हातावर ठेवली, चटणी घातली. मी हात पुढं केला. मला भूक नव्हती, तरी केला.

"तिचं झालंय," आई आत्तीला म्हणाली. माझ्याशी नाही बोलली. दोघांचं होत आल्यावर तिनं उरलेली भाकरी स्वतःला घेतली आणि नेहमीसारखी भराभर खाल्ली.

रात्रीच्या गाडीनं निघून दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर स्टँडला उतरलो. ते तिघं सांगोल्याच्या गाडीला जाणार होते, मी हॉस्टेलला. गाडी लागली. मी आप्पांच्या जवळ जाऊन उभी राहिले, खांदा जरा पुढं करून. ते माझ्या बाजूनं गेले आणि सरळ गाडीत चढले. आई आणि आत्ती त्यांच्या मागून आपापल्या चढल्या. खिडकीतून आत्तीनं हात केला.

त्यानंतर मी तीनदा घरी गेले आहे. आई बोलते, जेवायला वाढते. त्या दिवसाबद्दल मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा तिला दुसरं काम आठवलं. आप्पा आता कुणालाच बोट लावत नाहीत. यात्रेला गेलो तेव्हाही लावलं नाही.

मागच्या सुट्टीत संध्याकाळी मेंढरं परत आली. आप्पा वाडग्याच्या तोंडाशी उभे होते. मी समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मेंढरं मधून शिरत होती, आप्पांचं बोट एकेका पाठीवर टेकत होतं आणि ओठ हलत होते. मी एक पाऊल पुढं झाले. एक मेंढरू माझ्या पायाला बुजून मागं फिरलं.

आप्पांनी मान वर केली नाही.

"बाजूला हो," ते म्हणाले. "मोजनी चुकतीया."