सदतीस नंबरचा बँजो

"बेसा, नागपूर. जुना जपानी सिंथेसायझर. चालू आहे. जड आहे. स्वतः येऊन न्यावा." ही जाहिरात फोनवर दिसली आणि नवऱ्याला न विचारता मी तीन दिवस दवाखाना बंद ठेवायचं ठरवून टाकलं. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "आणखी एक?" सांगितल्यावरही तो तेच म्हणाला.

मी नाशिकला दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावते आणि रविवारी जुने कीबोर्ड उघडून बसते. घरात अकरा आहेत. सात चालतात, दोघांची मर्जी असली तर चालतात, उरलेल्या दोघांवर इस्त्रीचे कपडे असतात. हा शौक कुणी लावून घ्यावा असं मी म्हणणार नाही. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे म्हातारे झाले किंवा मोबाइलच्या दुकानात गेले, जपानी मशीनला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो विसरून थेट भिंतीत पिन घातली की धूर निघतो. मी दोनदा काढलाय. तरी सुटत नाही. नव्या कीबोर्डमध्ये शेकडो आवाज आयते भरलेले असतात. जुन्यावर एकेक स्लायडर सरकवत आवाज आपल्या हातानं घडवावा लागतो, आणि तो घडला की दिवसभर कुणाशी भांडावंसं वाटत नाही.

आता नागपूरच का, तर हवा. मुंबई-कोकणातून आलेलं मशीन उघडलं की आत गंजलेल्या स्प्रिंगा आणि बुरशी. विदर्भातल्या मशीनमध्ये धूळ निघते, कधी पाल निघते, पण गंज नाही. फक्त ते उन्हात पत्र्याखाली ठेवलेलं होतं का, हे विचारून घ्या. तसं असेल तर पट्ट्या वाकलेल्या असतात.

पहिला दिवस

पहाटे निघाले, सिन्नरच्या पुढे समृद्धीला लागले. एकटीनं जाणार असाल तर टायरची हवा तपासा, पाणी भरपूर घ्या आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करा. रस्ता इतका सरळ आणि सपाट आहे की डोळे उघडे ठेवून झोप लागते. टोल हजाराच्या वर जातो. खाण्याची ठिकाणं अजून विरळ आहेत, त्यामुळे घरून धपाटे नेले होते, ते मेहकरच्या आसपास संपले. जानेवारीतलं ऊन सोसण्यासारखं होतं. चारच्या सुमारास वर्धा रोडवरच्या एका साध्या लॉजमध्ये टेकले. जेवायला सावजी मटण मागवलं आणि नाक-डोळे पुसत पुसत खाल्लं. तिखट सोसत नसेल तर फाजील धाडस करू नका.

दुसरा दिवस

सकाळी लॉजजवळच्या गाडीवर तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा, तीच तर्री. माझ्या शेजारचा माणूस प्लेट पुढे करून म्हणत होता, "काहून गा, तर्री संपली काय? टाक ना अजून." गाडीवाल्यानं त्याला ओतली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम बाहेरच्या दिसून राहिल्या. तुमाले कमी टाकू?" मी मान ताठ ठेवून "टाका" म्हटलं आणि पस्तावले.

बेसा म्हणजे नागपूरचं दक्षिणेचं टोक. नकाशा तुम्हाला जिथं रस्ता दाखवतो तिथं कधी रस्ता असतो, कधी वाळूचा ढीग. विचारत विचारत एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पोचले. दार सुजातानं उघडलं. जाहिरात तिनंच टाकली होती. ती मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरीला आहे, माझ्यासाठी तिनं सुटी घेतली होती. मागे तिचे सासरे उभे होते, रामटेके काका. सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटं लांबसडक.

"जयभीम मॅडम," काका म्हणाले. "मी म्हटलं होतं सुनेले, एवढ्या दुरून कोन येऊन राहिलं याच्यासाठी."

"आल्या ना पण?" सुजाता म्हणाली. "इंदोऱ्याचं जुनं घर मोठं होतं, बाबा. इथं दिवाणाखाली ठेवलं त रोज झाडताना पायाले लागते. 'जड आहे' मी उगाच नाही लिहिलं."

मशीन बघून माझा जीव हरखला. सगळे स्लायडर जागेवर, एकही पट्टी पिवळी पडलेली नाही. काकांची भीमगीतांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या आधीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत एक दिवस मोकळा नसायचा. वाजवून दाखवा म्हटल्यावर त्यांनी सदतीस नंबरचं बटण दाबलं आणि खोलीत बँजो वाजायला लागला. आपला बँजो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, वरातीत वाजतो तो. तारेवरची खरखर, बटण सोडल्यावरचा टिचका आवाज, सगळं त्यात होतं. इतका खरा आवाज मी कुठल्याही सिंथेसायझरमधून ऐकला नव्हता.

"हा गौतम आहे," काका म्हणाले. "आमचा बँजोवाला. लोक गाणाऱ्याले नाई, त्याले वन्समोर देत. त्याले लकवा झाला, उजवा हात गेला. आता पार्टी कशी चालन? मंग तो माह्या बाजूले येऊन बसला. मी स्लायडर सरकवून राहिलो, तो म्हणे हे नाई, हे बी नाई. अकरा दिवस. बाराव्या दिवशी म्हणे, हं, हाच मी."

त्यानंतर कित्येक वर्षं पार्टीत बँजो वाजवायचे काका, आणि गौतमभाऊ स्टेजवर शेजारी बसून मान डोलवायचे.

एवढं ऐकून मी काय करावं? मी मशीन उघडलं. आवाज लक्षात ठेवण्यासाठी आत एक छोटी बॅटरी असते. ती फुटून तिच्याभोवती पांढरा-हिरवा थर साचला होता, अजून काही दिवसांत तो सर्किट खाऊन टाकणार होता. कीड दिसली की माझे हात शिवशिवतात.

"ही आत्ताच काढायला हवी," मी म्हटलं. "पण काढली की आवाज पुसले जातील. दुसरीकडे भरून ठेवलेत?"

"कॅसेट आहे ना," काका म्हणाले आणि कपाटातून एक कॅसेट काढून आणली. तिच्यावर लाल पेनानं 'मशीन' असं लिहिलं होतं.

इथं थोडं समजावते. त्या काळातले सिंथेसायझर आपली सगळी स्मृती कर्कश किर्रकिर्र करत कॅसेटवर भरून ठेवू शकायचे. ती कॅसेट परत ऐकवली की आवाज परत मिळतात. नियम एकच, आधी कॅसेट तपासायची, मग बॅटरीला हात लावायचा. हा नियम मी दहा जणांना शिकवलाय. पण मला दुपारच्या आत सामान भरून निघायचं होतं आणि खरं सांगायचं तर ते मशीन कधी एकदा माझं होतंय असं झालं होतं. मी सोल्डरिंग गन तापवली, पाच मिनिटांत जुनी बॅटरी काढून नवी बसवली आणि मग काकांच्या टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली.

दहा सेकंद किर्रर्र. मग, "हॅलो, माईक टेस्टिंग, हॅलो." आणि त्यामागे ढोलक.

काकांनी ओळखलं. त्यांच्याच पार्टीचा कार्यक्रम होता. मिक्सरवाल्याला ऐन वेळी कोरी कॅसेट मिळाली नसणार. ही लावून बघितली, नुसती किर्रकिर्र ऐकली, खराब समजला आणि तिच्यावर अख्खा कार्यक्रम रेकॉर्ड केला. शेवटपर्यंत ऐकली. बँजो होता, पण ढोलक आणि टाळ्यांखाली गाडलेला. मशीनवर सदतीस दाबलं तर फ्रिजसारखी घरघर आली. चौसष्टच्या चौसष्ट आवाज गेले होते.

मला रडू आलं. पेशंटचा चांगला दात उपटावा तसं झालं होतं, आणि तो परत लावता येत नव्हता. काका रागावले असते तर बरं झालं असतं.

"सुजाता, चाय ठेव वं," ते एवढंच म्हणाले आणि मशीनसमोर बसले. तास-दीड तास आठवून आठवून स्लायडर सरकवत राहिले. मला तर तो बँजोच वाटत होता. त्यांनी मान हलवली. "हे नाई. गौतमकडे जा लागन."

"बाबा, त्यायले तुमी सांगितलं कुठं, मशीन विकून राहिले म्हणून?" सुजाता म्हणाली.

"आता दोन्ही सांगू," काका म्हणाले.

गौतमभाऊ राहतात कळमन्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. धान्याच्या मार्केटात ते मापारी होते, तिथंच मागच्या वस्तीत घर. मागच्या सीटवर मशीन, टू-इन-वन आणि मशीनवर हात ठेवून काका. कळमन्याजवळ संत्र्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यात आम्ही वीस मिनिटं अडकलो, आणि एरवी मी हॉर्न बडवला असता, पण त्या दिवशी मला उशीर चालत होता.

गौतमभाऊ दारातच खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. "काहून गा, रस्ता भुलला काय? वर्ष झालं तुले इकडे येऊन."

काकांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "मशीन विकून राहिलो होतो. आन बँजो गेला."

"माझ्या हातानं गेला," मी म्हटलं.

"तुमी कोन?"

"दातांची डॉक्टर."

"दाताच्या डॉक्टरले बँजो उपटाले कोनं सांगतलं?" ते म्हणाले. मला हसावं की मेल्याहून मेलं व्हावं ते कळेना. मग ते काकांकडे वळले आणि आवाज बदलला. "विकाचं होतं त मले एक फोन कराचा होता. माहा हात आहे त्याच्यात."

"घरात जागा नाई गा."

"माह्या घरात नव्हती काय?"

मी ट्रान्सफॉर्मर जोडला, मशीन दिवाणावर ठेवलं आणि कोपऱ्यात बसले. काकांनी आपला बँजो वाजवला.

"हे नाई," गौतमभाऊ डोळे मिटून म्हणाले. काकांनी एक स्लायडर खाली घेतला. "लय गोड झालं. मिठाई विकाची नाई आपल्याले." दुसरा वर. "हं, खरखर आली. आता तार थोडी ढिली कर." त्यांचा डावा हात मांडीवर चालत होता, अदृश्य बटणं दाबल्यासारखा. असं दोन तास चाललं. मध्ये दोघं भांडले, कुठल्या गावात कुणी ताल सोडला होता यावरून. सुजाताचा दोनदा फोन आला, जेवायला येताय की नाही म्हणून.

मग एकदम ते घडलं. सकाळी बेस्यात ऐकला तोच आवाज. मी उडी मारून टाळ्या वाजवल्या.

"हा तवाचा आहे," गौतमभाऊ म्हणाले. "तवा मी चाळीसचा होतो. आता तार बी म्हातारी व्हाले पाह्यजे."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि एक स्लायडर नखभर खाली घेतला. आवाज थोडा बसला, थोडा थरथरला.

"हं," गौतमभाऊ म्हणाले. "हाच मी."

काकांनी तो सदतीस नंबरवर भरला. मग गौतमभाऊंचा डावा हात धरून पट्ट्यांवर ठेवला. "हा त चांगला आहे ना? वाजव." इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. एका बोटानं, अडखळत, त्यांनी चार सूर वाजवले आणि पाचवा चुकल्यावर स्वतःलाच शिवी घातली.

मी तो आवाज एका कोऱ्या कॅसेटवर, फोनवर आणि लॅपटॉपवर भरून घेतला, आणि या वेळी तिन्ही लावून तपासले. कॅसेटवर मी मोठ्या अक्षरात 'खराब नाही, पुसू नये' असं लिहिलं. मशीनचा विषय मी काढलाच नाही. तो गौतमभाऊंनी काढला. "इथंच ठेव. रोज येत जा."

"बेस्यावरून?"

"बस नाई काय तुमच्या बेस्याले?"

तिसरा दिवस

परतीच्या वाटेवर डिकीत कळमन्याची संत्री आणि सुजातानं डब्यात भरून दिलेली सांबारवडी होती. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती वडी गरमच खायला हवी, पण गारही मी सोडली नाही. संध्याकाळी घरी पोचले. नवऱ्यानं डिकी उघडली, "हे काय, संत्री?" म्हणून हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. सगळं सांगितल्यावर त्यानं चहा केला.

लोक विचारतील, एवढा प्रवास करून हाती काय आलं. जायला हरकत नाही. संत्र्यांच्या दिवसांत जा, कळमना सकाळी बघा. मशीन घ्यायला जात असाल तर मात्र एक सांगायचंय, आणि ते सांगायला मला लाज वाटते.

जुनं मशीन घरी आणलं की माझी एक ठरलेली पद्धत आहे. आधी धूळ साफ करायची. मग आधीच्या मालकानं भरलेले आवाज पुसून कंपनीचे मूळ आवाज भरायचे. नव्या पेशंटचे दात आधी साफ करावेत, तसं. अकराही मशीन मी अशीच पुसली आहेत. पुसण्याआधी एकही आवाज नीट ऐकलेला नाही.

गेल्या रविवारी त्या अकरांसमोर बसून राहिले. मग मिरजेच्या एका बँडवाल्यांना फोन लावला. त्यांच्याकडून चार वर्षांपूर्वी एक मशीन घेतलं होतं.

"डॉक्टरीणबाई! बिघडलं का?"

"नाही, उत्तम चालतंय. त्यात तुम्ही भरलेले काही आवाज होते का?"

"होते की! आमच्या दादांनी सनई बनवली होती त्यात. ते गेल्यावर आम्ही मशीन विकायला काढलं. सांभाळलीय ना?"

नागपूरच्या आधी मी बिनदिक्कत 'हो' म्हणून मोकळी झाले असते.

"नाही हो," म्हटलं. "पुसली मी."